जुना डेस्कटॉप, एक लॅन केबल आणि रोजचा बॅकअप

घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप असलाच तर तो कपाटातल्या एखाद्या यूएसबी डिस्कवर असतो, आणि त्या डिस्कवरची सगळ्यात ताजी फाइल गेल्या दिवाळीतली असते. यात आळसाचा भाग फार नाही. डिस्क शोधा, जोडा, कॉपी लावा, संपेपर्यंत थांबा, काढा, जागच्या जागी ठेवा, हे दर आठवड्याला कोणी करत नाही. नेटवर्कवरून बॅकअप घेण्याचा फायदा वेगाचा नाही. वेग उलट कमीच मिळतो. फायदा एवढाच की कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. लॅपटॉप चालू आहे आणि घरच्या राउटरला जोडलेला आहे, एवढं पुरतं.

या सोयीला एक खोट आहे. बॅकअपची जागा सतत जोडलेली असेल, तर ती व्हायरसलाही सतत जोडलेली असते. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, सी ड्राइव्ह कुलूपबंद करून थांबत नाही. तुमच्या लॉगिनला जिथे जिथे लिहायची परवानगी आहे तिथे ते पोचतं, नेटवर्कवरच्या फोल्डरांतही. म्हणून पुढे एका मुद्द्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे: बॅकअप जिथे साठतो, तिथे तुमच्या रोजच्या लॉगिनचा हात पोचता कामा नये.

उदाहरण बहुतेक घरांत सापडेल असंच घेतलंय. ज्याचा बॅकअप घ्यायचा तो विंडोज ११चा लॅपटॉप, आणि जिथे ठेवायचा तो कोपऱ्यात धूळ खात पडलेला विंडोज १०चा डेस्कटॉप. सॉफ्टवेअर 'वीम एजंट फॉर मायक्रोसॉफ्ट विंडोज', त्याची फुकट आवृत्ती. बटणांची नावं आवृत्तीनुसार थोडी बदलतील, क्रम तोच राहील.

आख्खी डिस्क का?

'डॉक्युमेंट्स' फोल्डर कॉपी केला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर महत्त्वाचं सामान भलत्याच जागी असतं. टॅलीचं घ्या. टॅलीप्राइमचा डेटा सहसा सी ड्राइव्हवर पब्लिक यूजरच्या फोल्डरात असतो, जुन्या टॅलीचा थेट सी ड्राइव्हवरच्या टॅलीच्या फोल्डरात. दोन्ही 'डॉक्युमेंट्स'च्या बाहेर. डीटीपीवाल्यांचं दुखणं वेगळंच. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत केलेली पत्रिका, अंक, अहवाल यांची फाइल हाती असली तरी तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निव्वळ चिन्हांचा खच दिसतो. त्यात ब्राउझरचे बुकमार्क, आउटलुकची मेल-फाइल, प्रिंटरची मांडणी आणि कुणीतरी कधीतरी बसवून दिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर धरा. यातलं काय कुठे आहे ते शोधत बसण्यापेक्षा आख्ख्या डिस्कची प्रतिमा घेतलेली परवडते. विंडोज, प्रोग्राम, फॉन्ट, फाइली, सगळं एकत्र येतं, आणि उद्या डिस्क मेली तर नव्या डिस्कवर तसंच्या तसं उतरवता येतं. त्यातून एखादीच फाइलही काढता येते.

एक गोष्ट मात्र कुठल्याही बॅकअपमध्ये येत नाही: डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. त्यातली खासगी किल्ली बाहेर कॉपी होत नाही, तशीच त्याची रचना असते. ते हरवलं की सही नव्याने काढायची.

विंडोजमध्ये आयतं काही नाही का? दोन गोष्टी आहेत. 'फाइल हिस्टरी' विंडोज ८पासून आहे, दर तासाला बदललेल्या फाइलींच्या प्रती ठेवते, नेटवर्कवरही ठेवते. पण ठरावीक फोल्डरांच्याच. दुसरी म्हणजे कंट्रोल पॅनेलमधली 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)'. ती पूर्ण प्रतिमा घेते, पण नेटवर्कवर एकच प्रत ठेवते आणि दर वेळी आधीची पुसून नवी लिहिते. आज घेतलेली प्रत बिघडलेल्या विंडोजची असेल तर कालची उरलेलीच नसते. मायक्रोसॉफ्टने २०१७मध्येच ही प्रतिमेची सोय मोडीत काढण्याच्या यादीत टाकली आहे. तिच्या भरवशावर नवी व्यवस्था उभारू नये.

आणि गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह? ते सिंक आहे. लॅपटॉपवर फाइल उडवली की तिकडेही उडते, फार तर ३० दिवस कचरापेटीत पडून राहते. फुकट जागा गूगलकडे १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी, त्यात आख्खी डिस्क मावण्याचा प्रश्नच नाही.

जमवाजमव

लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'यूज्ड स्पेस'चा आकडा बघा. डिस्क ५१२ जीबीची असली तरी भरलेली १८० जीबी असेल तर हिशोब १८०चाच. त्याच्या निदान दुप्पट मोकळी जागा डेस्कटॉपवर हवी, कारण पहिल्या पूर्ण प्रतीनंतर रोजचे बदलही साठत जातात. जागा कमी पडत असेल तर डेस्कटॉपमध्ये १ किंवा २ टीबीची वेगळी हार्ड डिस्क घाला. बॅकअपला एसएसडी लागत नाही, साधी फिरती डिस्क चालते.

त्या डिस्कची तब्येत मात्र आधी तपासा. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा फुकट प्रोग्राम डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतो. निळा 'गुड' दिसला तर पुढे जा. पिवळा 'कॉशन' दिसला, विशेषतः 'रीअलोकेटेड सेक्टर' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' यामुळे, तर ती डिस्क बॅकअपसाठी वापरू नका. जुनी गाणी ठेवायला ठीक. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. एफएटी३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि बॅकअपची फाइल शेकडो जीबीची असते.

आता वेग, कारण पहिल्या रात्री लोक वैतागतात ते इथेच. इंटरनेटचा प्लॅन कितीचा आहे याचा इथे संबंध नाही; डेटा घरातल्या घरात फिरतो. संबंध आहे राउटरच्या लॅन पोर्टचा. आपल्याकडे कनेक्शनसोबत मिळणाऱ्या बऱ्याच राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. म्हणजे सेकंदाला प्रत्यक्षात साधारण ११ एमबी, म्हणजे २०० जीबीला पाच तास. गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट असेल तर तेच काम फिरत्या डिस्कच्या वेगावर अडतं आणि पाऊण तासाच्या आत उरकतं. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर, दोन भिंती मध्ये असतील तर, सेकंदाला ४ एमबी मिळाले तरी नशीब. २०० जीबीला चौदा तास. म्हणून पहिला बॅकअप केबलने घ्या. पुढचे रोजचे बदल थोडे असतात, ते वाय-फायवर सहज जातात.

केबल लावल्यावर 'सेटिंग्ज', 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'इथरनेट' इथे 'लिंक स्पीड' बघा. १०००/१००० हवं. दोन्ही बाजूंचे पोर्ट गिगाबिट असूनही १००च दिसत असेल तर केबल बदला. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात. एखादी तार तुटली की केबल चालतच राहते, फक्त दहापट हळू. राउटरच १००चा असेल तर एक पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (लॅन केबली एकमेकींना जोडणारा छोटा डबा) आणून लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्ही त्याला जोडा, स्विच राउटरला जोडा. पातळ लॅपटॉपला लॅनचं तोंडच नसतं. त्यासाठी यूएसबी ३चा लॅन ॲडॅप्टर घ्या. यूएसबी २चा स्वस्तातला घेतलात तर वेग तिथेच अडकेल.

डेस्कटॉपवर करायचं काम

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे या मशीनवर आता ब्राउझिंग नाही, मेल नाही, पाहुण्यांच्या मुलांचे गेम नाहीत. ते बॅकअपचं कोठार, बस. लिनक्स बसवता येत असेल तर उत्तमच, पण सुरुवातीलाच दोन नव्या गोष्टी एकदम शिकायला नकोत.

पहिलं काम पत्ता पक्का करणं. राउटर प्रत्येक मशीनला जो आयपी पत्ता देतो तो अधूनमधून बदलू शकतो, आणि पत्ता बदलला की बॅकअपला घर सापडत नाही. राउटरच्या पानावर 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' अशी सोय असते, तिथे डेस्कटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवा. मी इथे १९२.१६८.१.५० धरतो. तुमच्या राउटरवर सुरुवातीचे आकडे वेगळे असू शकतात.

मग डेस्कटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट' करा. लॅपटॉपवरही तेच करा. त्यानंतर 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू करा, पण 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' अजिबात बंद करू नका. यूट्यूबवरचे कितीतरी व्हिडिओ नेमकं तेच बंद करायला सांगतात, कारण मग सगळं 'लगेच चालतं'. मात्र मग ते घरात शिरलेल्या कुठल्याही व्हायरससाठीही लगेच चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी: बॅकअपसाठी वेगळा यूजर. डेस्कटॉपवर 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'फॅमिली अँड अदर यूजर्स' इथे जा आणि 'ॲड समवन एल्स टू धिस पीसी' निवडा. विंडोज आधी मायक्रोसॉफ्टचं खातं मागेल. 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि मग 'ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' असं करत साधं स्थानिक खातं काढा. नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. आपण त्याला 'कोठार' म्हणू. पासवर्ड लांब ठेवा. रिकामा पासवर्ड चालणारच नाही, कारण तसल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. पिनही चालत नाही. पिन त्या मशीनसमोर बसलेल्यासाठी असतो.

दोन पथ्यं पाळा. एक, हे नाव आणि हा पासवर्ड लॅपटॉपच्या तुमच्या लॉगिनसारखा ठेवू नका. दोन्हीकडे नाव-पासवर्ड सारखा असेल तर विंडोज काही न विचारता आत सोडतं, आणि मग सगळ्या खटाटोपाचा उपयोग शून्य. दोन, या यूजरला ॲडमिनिस्ट्रेटर करू नका.

डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कवर एक फोल्डर काढा. नाव पुन्हा रोमनमध्ये, इथे 'बॅकअप' धरू. त्यावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग', 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'. 'शेअर धिस फोल्डर'वर टिक करा, 'पर्मिशन्स' उघडा, यादीतून 'एव्हरीवन' काढून टाका, 'कोठार'ला घ्या आणि 'फुल कंट्रोल' द्या. मग शेजारच्या 'सिक्युरिटी' टॅबमध्येही 'कोठार'ला तीच परवानगी द्या. दार एक असलं तरी कड्या दोन आहेत, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही उघड्या लागतात. 'ॲक्सेस डिनाइड' म्हणून लोक तासभर डोकं धरून बसतात ते बहुधा दुसरी विसरल्यामुळे.

शेवटी वीज. 'पॉवर अँड स्लीप'मध्ये स्लीप 'नेव्हर' करा, नाहीतर बॅकअपच्या मध्यात डेस्कटॉप झोपी जाईल. स्क्रीनची गरज नाही, मॉनिटर काढून दुसरीकडे वापरा. लॉगिन करून ठेवायचीही गरज नाही, मशीन सुरू असलं की शेअर केलेला फोल्डर दिसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असा पर्याय सापडला तर तो 'पॉवर ऑन' करा. लाईट जाऊन आली की मशीन आपोआप उठेल. असा डेस्कटॉप ५० वॅट खातो असं धरलं तर चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्याला ३६ युनिट होतात. ते जड वाटत असेल तर संध्याकाळचे तीन-चार तासच चालू ठेवा आणि बॅकअपची वेळ त्यात बसवा. बऱ्याच बायोसमध्ये ठरावीक वेळेला मशीन सुरू करणारा अलार्मही असतो.

लॅपटॉपवर करायचं काम

आधी हाताने तपासा की वाट मोकळी आहे. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत पत्ता टाइप करा:

\\१९२.१६८.१.५०\बॅकअप

आकडे इंग्रजी कीबोर्डवरून आणि सुरुवातीला दोन उलट्या तिरप्या रेघा. नाव-पासवर्ड विचारला की 'कोठार'चा द्या. 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर टिक करू नका, आणि सोय म्हणून या फोल्डरला झेड ड्राइव्ह वगैरे नाव तर मुळीच देऊ नका. पासवर्ड फक्त बॅकअपच्या प्रोग्रामला ठाऊक असावा, तुमच्या रोजच्या एक्सप्लोररला नाही. फोल्डर उघडला, त्यात एक छोटी फाइल ठेवता आली, काढता आली, की लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा म्हणजे हे तात्पुरतं लॉगिन सुटेल.

वीम उतरवताना ते ईमेल मागतात, द्या. इन्स्टॉल झाल्यावर ते यूएसबी डिस्क जोडायला सांगतं. आपल्याला ती नको, 'स्किप' करा. लायसन्स विचारलं तर फुकट पद्धतीत पुढे जा. मग नवा बॅकअप जॉब सुरू करा (फुकट आवृत्तीत एकच जॉब मिळतो, आपल्याला तेवढाच हवा).

'बॅकअप मोड'मध्ये 'एंटायर कॉम्प्युटर' निवडा. 'डेस्टिनेशन'मध्ये 'शेअर्ड फोल्डर'. पत्ता वरचाच, आणि 'धिस शेअर रिक्वायर्स ॲक्सेस क्रेडेन्शियल्स'वर टिक करून नाव-पासवर्ड. नाव नुसतं न लिहिता आधी डेस्कटॉपचं नाव, मग उलटी रेघ, मग 'कोठार' असं लिहा. म्हणजे हे खातं कुठल्या मशीनवरचं आहे याचा गोंधळ होत नाही. किती दिवसांच्या प्रती ठेवायच्या तिथे सात असतं, ते ३० करा. फाइलींची वाट लागलेली सातच दिवसांत लक्षात येईलच असं नाही.

तिथेच 'ॲडव्हान्स्ड'मध्ये फाइल एन्क्रिप्शनची, म्हणजे पासवर्डशिवाय फाइल वाचताच येऊ नये याची, सोय आहे. ती सुरू करा. नव्या लॅपटॉपांवर डिस्क बहुतेकदा आधीच एन्क्रिप्ट केलेली असते, पण बॅकअप घेतला जातो तो उघड्या डिस्कचा. म्हणजे लॅपटॉप चोरला तर काही मिळत नाही आणि जुना डेस्कटॉप चोरला तर सगळं मिळतं, अशी उलटी गंमत होते. हा पासवर्ड हरवला तर बॅकअपही हरवला. कुणीही उघडून देऊ शकणार नाही.

'शेड्यूल'मध्ये रोजची अशी वेळ द्या जेव्हा दोन्ही मशीन चालू असतात. मध्यरात्र लिहिलेली असते, ती घरच्या लॅपटॉपला कामाची नाही. रात्री नऊ चालेल. त्या वेळी लॅपटॉप बंद असला तर सुरू झाल्याझाल्या बॅकअप घे, असाही पर्याय खाली आहे, तो निवडा. लॅपटॉप लॉक केला की बॅकअप घे, हा पर्यायही छान आहे: तुम्ही जेवायला उठता तेवढ्यात काम होतं.

मग पहिला बॅकअप हाताने सुरू करा, लॅपटॉप चार्जरला लावा, केबल जोडा आणि आपल्या कामाला लागा. काम चालू असतानाही बॅकअप घेता येतो. विंडोजमध्ये 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' नावाची यंत्रणा आहे, ती त्या क्षणाचं डिस्कचं चित्र गोठवून बॅकअपच्या प्रोग्रामला देते, त्यामुळे उघड्या फाइलीही येतात. तरी टॅली किंवा आउटलुक चालू असेल तर पहिल्या वेळी बंद करा. दुसऱ्या दिवसापासून फक्त बदललेले तुकडे जातात आणि बॅकअप काही मिनिटांत आटोपतो.

परत आणून बघितल्याशिवाय बॅकअप धरू नका

'सक्सेस' असा हिरवा शब्द दिसला की बहुतेक जण इथेच थांबतात. दोन परीक्षा घ्या, दोन्ही मिळून अर्धा तास लागतो.

पहिली सोपी. डेस्कटॉपवरच्या बॅकअपमधून 'रिस्टोअर फाइल्स' वापरून एखादी फाइल काढा. निवडताना मुद्दाम अवघड निवडा: देवनागरी नावाची, पाच फोल्डर आत असलेली, किंवा टॅलीचा एखादा डेटा फोल्डर. मूळ फाइलवर न लिहिता दुसऱ्या जागी उतरवा आणि उघडून बघा.

दुसरी परीक्षा आपत्तीची. लॅपटॉपची डिस्क मेली तर वीमही मेलेलं असेल. मग बॅकअप उघडणार कशाने? त्यासाठी 'रिकव्हरी मीडिया' नावाचा पेन ड्राइव्ह आधीच करून ठेवावा लागतो. स्टार्ट मेन्यूत वीमखाली 'क्रिएट रिकव्हरी मीडिया' आहे. एक मोकळा पेन ड्राइव्ह द्या (त्यातलं सगळं पुसलं जाईल). लॅपटॉपचे ड्रायव्हर आणि नेटवर्कची माहिती सोबत घ्यायचे पर्याय तिथे असतात, ते राहू द्या. यूएसबीचा लॅन ॲडॅप्टर वापरत असाल तर तो जोडलेला असतानाच हा ड्राइव्ह बनवा, नाहीतर नेमक्या वेळी ॲडॅप्टर ओळखलाच जायचा नाही.

आता लॅपटॉप बंद करून त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलांवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबलं की बूटची यादी येते. आत 'बेअर मेटल रिकव्हरी' निवडा, नेटवर्कवरचा शेअर्ड फोल्डर सांगा, 'कोठार'चा पासवर्ड द्या, एन्क्रिप्शनचा पासवर्ड द्या. तुमच्या लॅपटॉपचं नाव आणि बॅकअपच्या तारखा दिसल्या की परीक्षा पास. तिथून रद्द करून बाहेर या. पुढे 'रिस्टोअर' दाबलंत तर चालू डिस्क खरोखर पुसली जाईल.

पहिली परीक्षा दर दोन-तीन महिन्यांनी, दुसरी वर्षातून एकदा. ३१ मार्चला 'वर्ल्ड बॅकअप डे' असतो म्हणे. ज्याने ही तारीख ठरवली त्याला आपल्याकडची वर्षअखेर माहीत नसावी. त्या दिवशी कुठल्याही अकाउंटंटला मान वर करायला फुरसत नसते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाका, तेव्हाच त्याचा उपयोगही जास्त.

अडलं तर

'नेटवर्क पाथ नॉट फाउंड' आलं तर आधी डेस्कटॉप चालू आहे का बघा. हसू नका, निम्म्या वेळी तेच असतं. मग दोन्हीकडचं प्रोफाइल 'प्रायव्हेट' आहे का, आणि लॅपटॉप चुकून राउटरच्या 'गेस्ट' वाय-फायला तर जोडलेला नाही ना. गेस्टवरून घरातली इतर मशीन दिसत नाहीत, तो त्याचा उद्देशच आहे. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तीही तपासा.

एकाच मशीनला दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही अशा अर्थाचा संदेश आला, तर एक्सप्लोररमधलं आधीचं लॉगिन अजून जिवंत आहे. रीस्टार्ट करा, आणि कंट्रोल पॅनेलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये त्या पत्त्याची नोंद राहिली असेल तर ती काढून टाका.

काही राउटरांना मागे यूएसबी पोर्ट असतो, तिथे डिस्क लावून काम भागेल असा मोह होतो. जुने राउटर त्यासाठी फाइल शेअरिंगची पहिली आवृत्ती, एसएमबी १, वापरतात. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' हे रॅन्समवेअर जगभर पसरलं ते याच आवृत्तीतल्या भोकातून, आणि त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये ती बंद असते. ती पुन्हा सुरू करायला सांगणारा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

घराबाहेरची प्रत

लॅपटॉप आणि डेस्कटॉप एकाच खोलीत असतात. चोर, शॉर्टसर्किट आणि पाणी दोघांना एकदमच गाठतात. २०१९चा सांगली-कोल्हापूरचा पूर किंवा २०२१चं चिपळूण ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. सुरुवातीला म्हटलेली कपाटातली यूएसबी डिस्क इथे कामी येते. महिन्यातून एकदा ती डेस्कटॉपला जोडा, 'बॅकअप' फोल्डर तिच्यावर कॉपी करा (बॅकअप चालू नसताना) आणि ती बहिणीकडे, ऑफिसच्या खणात किंवा गावच्या घरी ठेवा. एन्क्रिप्शन सुरू असल्याने ती कुणाच्या हाती लागली तरी चिंता नाही. वीज कडाडत असताना डेस्कटॉपचा प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवा. केबलमधून आलेला झटका राउटरसकट पोर्ट जाळतो.

मॅकवाल्यांना एवढी खटपट नाही. 'टाइम मशीन' २००७पासून आहे आणि नेटवर्कवरच्या डिस्कवर बॅकअप घेते, मात्र समोर त्याला चालणारा सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) हवा. लिनक्सवाल्यांनी 'आरसिंक' हा फाइलींतले फक्त बदल कॉपी करणारा प्रोग्राम शिकावा. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी पॉल मॅकेरास यांच्यासह ते १९९६मध्ये आणलं, आणि लिनक्सच्या मशीनला विंडोजच्या नेटवर्कवर फाइली शेअर करू देणारं 'सांबा' सुरू करणारेही ट्रिजेलच. तुम्ही विकत घेतलेल्या नॅसच्या पोटात बहुधा हीच दोन नावं सापडतील.

आता एक कागद घ्या. त्यावर डेस्कटॉपचा आयपी पत्ता, शेअरचं नाव, 'कोठार'चा पासवर्ड, एन्क्रिप्शनचा पासवर्ड आणि लॅपटॉपची ४८ अंकी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) रिकव्हरी की लिहा. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कागद आणि रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह एका पाकिटात घालून लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा, आणि ते कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगा.